अंतराळात आजारी पडण्याची सोपी कृती

साहित्य: शरीर एक (शक्यतो स्वतःचे, वापरलेले चालेल), रॉकेट एक, जमिनीपासून 400 किलोमीटर उंचीवरची बंद जागा, आणि सहा महिने वेळ. तिखट सढळ हाताने. ते का, हे पुढे येईल.

कृती घरगुती आहे. बर दुबईतल्या एका फ्लॅटमध्ये बसून मी ती लिहितो आहे. बाहेर 45 अंश, आत 21, आणि या दोहोंच्या मध्ये माझे नाक. मी स्वतः अंतराळात गेलेलो नाही. पण दिवाळी अंकात पाककृती लिहिणाऱ्या सगळ्यांनीच तो पदार्थ करून पाहिलेला असतो, असे आपण तरी कुठे मानतो?

लिहायला निमित्त काकांचे. सांगलीचे काका रोज सकाळी सहाला, म्हणजे आमच्या पहाटे साडेचारला, घरच्या ग्रुपवर प्रतिकारशक्ती वाढवण्याचा एक उपाय टाकतात. हळद, तुळस, आवळा, गुळवेल, मग पुन्हा हळद. 2023 साली इथला सुलतान अल नेयादी अंतराळस्थानकात होता आणि शेख झायेद रोडपासून शाळेच्या बसपर्यंत सगळीकडे त्याचाच चेहरा होता. मी त्याचा एक फोटो ग्रुपवर टाकला, तर काकांनी विचारले, "त्याच्याबरोबर गुळवेल दिलीय ना?" उत्तर शोधायला म्हणून बसलो आणि लक्षात आले की तिथे निरोगी राहण्याचे सल्ले वाटेल तेवढे मिळतात, आजारी कसे पडायचे, हे मात्र कोणी नीट, पायरीपायरीने सांगितलेले नाही. ही उणीव भरून काढणे भाग होते.

पायरी पहिली. निवडून या.

ही पायरी अवघड आहे, पण तिला बगल देता येत नाही. अमिरातीने पहिल्यांदा अंतराळवीर मागवले तेव्हा 4022 अर्ज आले होते. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांतून दोघे निवडले: हझ्झा अल मन्सूरी आणि सुलतान अल नेयादी. हझ्झा लढाऊ विमानाचा वैमानिक. सुलतान अल ऐनजवळच्या उम्म गाफाचा, जिउ-जित्सू खेळणारा, आणि ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठातून संगणकातली माहिती बाहेर झिरपण्यापासून कशी रोखायची, या विषयावर डॉक्टरेट मिळवलेला. झिरपण्याचा विषय पुढे पुन्हा निघणार आहे, तेवढा ध्यानात ठेवा.

वैद्यकीय तपासणीची धास्ती घेऊ नका. अमिरातीत राहणाऱ्या आपल्या माणसाला त्याचा सराव असतो. व्हिसा काढायचा की मेडिकल आले: रांगेत उभे राहायचे, बाही वर करायची, रक्त द्यायचे, छातीचा एक्स-रे काढायचा, आणि "फिट" असा मेसेज येईपर्यंत उगाचच आपल्या हातून काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहायचे. अंतराळवीराचे मेडिकल असेच असते, फक्त ते संपत नाही. जाण्याआधी रक्त, तिथे रक्त, आल्यावर रक्त. युरोपीय अंतराळ संस्थेच्या एका प्रयोगात तर अंतराळवीर वरच स्वतःचे रक्त काढतात, वरच ते जंतूंच्या अंशांबरोबर उबेत ठेवतात, आणि त्यातल्या पेशी चिडतात की थंडच राहतात, हे कळावे म्हणून नमुने गोठवून खाली पाठवतात. आपल्या रक्ताला आपणच चिथावायचे! आमच्याकडे हे काम नातेवाईक करतात.

पायरी दुसरी. आजारी पडू नका.

हे वाचून गोंधळू नका. वर जाऊन आजारी पडायचे असेल तर खाली मुळीच आजारी पडता कामा नये, नाहीतर तुमच्या जागी बदली माणूस जातो. हझ्झा 2019 मध्ये गेला तेव्हा त्याचा बदली म्हणून सुलतानच तयारीत होता, त्याच प्रशिक्षणातून गेलेला. म्हणजे एका शिंकेने देशाचा पहिला अंतराळवीर बदलला असता. तसे झाले नाही. 25 सप्टेंबर 2019 ला बायकोनूरहून सोयूझ सुटले, हझ्झा आठ दिवस राहून 3 ऑक्टोबरला परतला, आणि सुलतानला साडेतीन वर्षे वाट पाहावी लागली.

ही काळजी उगाच नाही, तिची किंमत मोजून झालेली आहे. ऑक्टोबर 1968 मध्ये अपोलो 7 च्या कप्तानाला उड्डाणानंतर काही तासांतच सर्दी झाली. कप्तानाचे नाव वॉली शिरा. (कृती शिऱ्याची नाही, योगायोग.) जमिनीवर सर्दी झाली की नाक वाहते आणि आपण त्याला नावे ठेवतो. वजनरहित अवस्थेत कळते की वाहणे ही केवढी मोठी सोय आहे. तिथे 'खाली' नसतेच, त्यामुळे शेंबूड कुठे जात नाही, डोक्यातच मुक्काम ठोकतो. जोराने शिंकरावे तर कानांत कळ येते. सोबत्यांनीही तक्रारी सुरू केल्या. जवळपास अकरा दिवस हे तिघे तुंबलेल्या डोक्याने पृथ्वीभोवती फिरत राहिले, खालच्या लोकांशी भांडत राहिले, आणि परतताना हेल्मेट घालायला त्यांनी साफ नकार दिला. हेल्मेट असले तर नाक दाबून कान मोकळे करायचे कसे? मुद्दा बिनतोड होता. तरीही त्या तिघांपैकी पुन्हा कोणी अंतराळात गेले नाही.

मग 1970. अपोलो 13 च्या केन मॅटिंगली यांचा जर्मन गोवर झालेल्या सहकाऱ्याशी संबंध आला, म्हणून ऐनवेळी त्यांना उतरवून जॅक स्वायगर्ट यांना बसवले. मॅटिंगलींना तो गोवर कधी झालाच नाही. यानात मात्र टाकीचा स्फोट झाला, पाणी मोजून प्यावे लागले, आणि फ्रेड हेझ लघवीच्या संसर्गाने तापले. अपोलो मोहिमांत गेलेल्या 29 जणांपैकी 15 जणांना प्रवासात किंवा परतल्यावर आठवड्याभरात कुठला ना कुठला संसर्ग झाला, असा हिशोब पुढे निघाला. निम्म्याहून जास्त! आणि ही माणसे काही माझ्यासारखी एसीच्या झोतात बसणारी नव्हती.

अपोलो 14 पासून जाण्याआधी तीन आठवडे वेगळे ठेवायला सुरुवात झाली. आता साधारण दोन आठवडे ठेवतात. बायकोनूरला उड्डाणापूर्वी पत्रकारांशी बोलणे काचेआडून होते. बँकेतल्या कॅशियरशी बोलावे तसे. सुलतानचे उड्डाण 27 फेब्रुवारी 2023 ला शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत थांबले. इंजिन पेटवणाऱ्या द्रवाच्या पुरवठ्यात गडबड होती. मग विलगवास लांबला, आणि 2 मार्चला इथल्या सकाळी साडेनऊच्या सुमारास तो गेला. आपल्या अंतराळवीर शुभांशु शुक्लांना तर 2025 च्या मे अखेरीपासून 25 जूनच्या उड्डाणापर्यंत महिनाभर असे कोंडून राहावे लागले. महिनाभर ना पाहुणे, ना लग्न, ना मुंज. कुणाला हा विलगवास वाटेल. मला ती रजा वाटते.

पायरी तिसरी. वर जा आणि वजन सोडा.

हे आपोआप होते. पाय हलके होतात, तोंड सुजते. शरीरातले एक-दोन लिटर पाणी पायांकडून डोक्याकडे सरकते, कारण त्याला खाली ओढून धरणारे कोणी उरत नाही. सर्दी नसतानाच नाक चोंदते. वास जातो, वासाबरोबर चव जाते, आणि माणूस तिखट मागू लागतो. अंतराळस्थानकात झणझणीत सॉसला मागणी असते ती यामुळे. हझ्झाने बरोबर नेलेल्या अमिराती जेवणात मद्रूबा, सलूना आणि बलालीत होते. बलालीत म्हणजे गोड शेवया, वर अंड्याचे ऑम्लेट. पहिल्यांदा खाताना मराठी माणूस थोडा बिचकतो, दुसऱ्यांदा वाढून घेतो. शुक्लांनी गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला. चोंदलेल्या नाकाने आमरस! हापूस की पायरी, हा वाद तिथे तरी मिटला असेल.

तिखटाची पूड मात्र नेऊ नये. चिमूटभर उडाली तर ती खाली बसत नाही. ती सगळ्यांची होते.

पायरी चौथी. नातूराला पेंग येऊ द्या.

ही मुख्य पायरी, इथे घाई करू नये.

आखातात इमारतीच्या रखवालदाराला नातूर म्हणतात. आमचा नातूर लॉबीत खुर्ची टाकून बसतो. कोण राहणारा, कोण पाहुणा, कोण फुकट पार्किंग लावणारा, हे तो चालीवरून ओळखतो. रक्तातल्या टी पेशींचे काम बरेचसे असेच. त्या नुसत्या फिरत असतात. ओळखीचा शत्रू दिसला की जाग्या होतात, एकीच्या हजार होतात, आणि बाकीच्या पेशींना हाका मारतात.

1983 साली ऑगस्टो कोगोली या संशोधकाने माणसाच्या अशा पेशी स्पेसलॅबमधून वर पाठवल्या. बरोबर एक प्रथिन दिले. एका जातीच्या शेंगेच्या बियांतून ते निघते, आणि ते दिसले की या पेशींना शत्रू आल्याचा भास होऊन त्या खडबडून उठतात. जमिनीवर उठतातच. वर त्या उठल्या, पण किती? जमिनीवरच्या तुलनेत तीन टक्क्यांहूनही कमी. जंतू नाही, माणूस नाही, मनाचा ताण नाही. बशीतल्या सुट्या पेशी, फक्त वजन काढून घेतलेले. एवढ्याने नातूर गाढ झोपला. पेशीच्या आतही तंतूंचा सांगाडा असतो, आणि बाहेरचा निरोप आत पोचवण्यात त्याचा हात असतो. वजन गेले की हा सांगाडा विस्कटतो. कोट्यवधी वर्षे जे ओझे आपण वाहिले, त्याचा शरीराने असाही उपयोग करून घेतला होता, हे ते काढून घेतल्यावर कळले.

दुसरी एक फौज असते, जिला ओळख पटवायची गरज नसते. संशयित दिसला की ठोकायचे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एनके पेशी म्हणतात. अंतराळस्थानकात दीर्घ मुक्काम केलेल्या आठ जणांच्या रक्तात नव्वदाव्या दिवशी या पेशींची मारकशक्ती निम्म्याच्या आसपास घसरलेली दिसली. आणि ज्यांनी ही कृती हाती घेतली आहे त्यांच्यासाठी खास बाब: पहिल्यांदाच गेलेल्यांत ही घसरण आधी जाऊन आलेल्यांपेक्षा जास्त होती. नवशिक्यांना अनुभव नाही म्हणून मागे पडावे लागेल, असा एकही विषय निदान इथे नाही.

आता काकांच्या गुळवेलीकडे. तुम्ही म्हणाल, शक्ती कमी पडली ना, मग वाढवा. घोटाळा शब्दातच आहे. आपण तिला प्रतिकार-'शक्ती' म्हणतो, म्हणून ती कपातल्या दुधासारखी कमी-जास्त होते असे वाटते. कमी झाली? ओत अजून. पण अंतराळवीरांच्या तक्रारींची यादी पाहिली तर वारंवार येते ते अंगावरचे पुरळ, खाज, नाक चोंदणे, अ‍ॅलर्जीसारखे प्रकार. हे दुबळ्या नव्हे, उतावळ्या यंत्रणेचे लक्षण. म्हणजे आमचा नातूर चोर आला तेव्हा घोरतो आणि डिलिव्हरीवाला पोरगा आला की शिट्टी फुंकतो. त्याला आणखी चहा पाजून काय होणार? तो आणखी जोरात शिट्टी फुंकेल.

मला विचाराल तर ही शक्ती नाहीच, हा कारभार आहे. कोणाला हटकायचे, कोणाला सोडायचे, आणि हटकून झाल्यावर गप्प कधी बसायचे, याचा कारभार. तो बिघडतो, तो 'वाढत' नाही. हे मी ग्रुपवर लिहिले होते. काकांनी अंगठा दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी आवळा पाठवला.

पायरी साडेचार. झोपू नका.

अंतराळस्थानक दर दीड तासाला एक फेरी मारते, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय. यंत्रांची घरघर चालूच असते. झोप तुटते, कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरके बदलतात, आणि ती बदलली की वरचा कारभार आणखी ढिला होतो. रात्रपाळी केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

पायरी पाचवी. पागडीचे भाडेकरू जागे करा.

मुंबईकरांना ही पायरी चटकन कळेल. लहानपणी कांजिण्या झाल्या, बऱ्या झाल्या, असे आपण म्हणतो. बऱ्या होतात, जात नाहीत. तो विषाणू कण्याजवळच्या मज्जापेशींच्या गाठींत खोली धरून बसतो. भाडे नाममात्र, ताबा कायमचा, आवाज नाही. तोंडावर जर आणणारा, ग्रंथींचा ताप आणणारा, असे त्याचे चुलतभाऊही आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात मुक्कामाला असतात. नातूर जागा असतो तोवर कोणी खोलीबाहेर डोकावत नाही. म्हातारपणी किंवा फार ताणात तो पेंगला की कांजिण्यांचा जुना भाडेकरू नागीण होऊन बाहेर येतो.

अंतराळात हे भाडेकरू जिन्यावर येतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार शटलच्या छोट्या सफरी केलेल्या 89 जणांपैकी 47 जणांच्या, आणि स्थानकात मोठा मुक्काम केलेल्या 23 पैकी 14 जणांच्या लाळेत किंवा लघवीत हे विषाणू पुन्हा दिसू लागले. मुक्काम जितका लांब, तितके हे झिरपणे जास्त. (माहिती झिरपू न देण्याची डॉक्टरेट इथे कामी येत नाही, हे ओघाने सांगून टाकतो. सुलतानच्या रक्तात वा लाळेत काय सापडले ते त्याचे आणि त्याच्या डॉक्टरांचे. मी इथे कोणा एकाबद्दल बोलत नाही.)

बहुतेकांना या झिरपण्याचा पत्ताही लागत नाही. ना ताप, ना फोड. पण झिरपलेला कांजिण्यांचा विषाणू जिवंत असतो, हे दिसलेले आहे, आणि परतल्यावरही तो काही दिवस लाळेत राहू शकतो. परतलेल्या वीराला ओवाळायला म्हणून घरातले तान्हे बाळ पुढे करू नये, ते याच कारणाने. विमानतळावर हार, फुले, झेंडे, बॅण्ड, सगळे चालेल. पापी नको.

पायरी सहावी. घर लख्ख ठेवा.

आईला ही पायरी पटणार नाही. तिच्या मते माती खाल्लेले पोर टणक निघते, आणि दुबईतली पोरे सारखी आजारी पडतात ती मातीत खेळत नाहीत म्हणून. (वाळू ती माती नव्हे, यावर ती ठाम आहे.) शास्त्र तिच्या बाजूला थोडे सरकले आहे. 2025 मध्ये आलेल्या एका अभ्यासासाठी स्थानकातल्या 803 जागा पुसून नमुने घेतले होते. तिथे जंतू भरपूर, पण जवळजवळ सगळे माणसाच्या कातडीचे. मातीतले, पाण्यातले, झाडापानांवरचे जवळपास कोणी नाही. जंतुनाशकांचा मारा आणि बंद हवा. त्या संशोधकांचे म्हणणे असे की हा एकसुरीपणा आणि पुरळ-खाजेच्या तक्रारी यांचे काही नाते असू शकते, आणि पुढे कधीतरी चांगले जंतू मुद्दाम वर न्यावे लागतील. 'ताजी माती, दोन किलो' असे सामानाच्या यादीत आले, तर ती आईच्या हस्ते पाठवावी अशी माझी शिफारस आहे.

आणि जे जंतू वर टिकतात ते मवाळ होतात अशा भ्रमात राहू नका. 2006 मध्ये अटलांटिस यानातून साल्मोनेला वर नेले, तिथे वाढवले, परत आणून उंदरांना दिले. जमिनीवर वाढलेल्यांपेक्षा ते जास्त घातक निघाले. म्हणजे घरमालक सुस्तावतो आणि दरोडेखोर तालीम करतो. या सगळ्यात आपल्यासाठी अभिमानाची एक जागा आहे. स्थानकाच्या हवेच्या गाळणीत सापडलेल्या एका जिवाणूला अब्दुल कलामांच्या नावावरून सॉलिबॅसिलस कलामी असे नाव दिले आहे. पुतळे सगळ्यांचेच होतात. अंतराळात राहणाऱ्या जिवाणूला आपले नाव, हा मान वेगळा.

पायरी सातवी. रॉकेट नसल्यास.

काही वाचकांकडे रॉकेट नसेल. पंजिरीला सुके खोबरे नसले तर नुसते शेंगदाणे चालतात, तसा इथेही पर्याय आहे: कोंडून घ्या. अमिरातीच्या सालेह अल अमेरी यांनी नोव्हेंबर 2021 पासून आठ महिने मॉस्कोतल्या एका संस्थेत, जमिनीवरच, बंद यानासारख्या जागेत काढले. सहा जणांच्या चमूने सुरुवात, खिडकी नाही, बाहेरच्यांशी बोलणे मोजके. सिरियस-21 असे त्या प्रयोगाचे नाव. 2024 मध्ये शरीफ अल रोमैथी ह्यूस्टनला अशाच एका बंद घरात 45 दिवस राहिले. वजन जागेवर होते, किरणोत्सर्ग नव्हता. फक्त माणसे, भिंती आणि वेळ.

एवढ्याने रक्तात काही बदलते का? त्याच मॉस्कोच्या संस्थेत 2010 आणि 2011 मध्ये मंगळप्रवासाची 520 दिवसांची तालीम झाली होती. तिच्यातल्या सहा जणांच्या रक्तात प्रतिकारपेशी जास्त चिडखोर झालेल्या आढळल्या. मला यात काही नवल वाटले नाही. अल करामात एका खोलीत सहा जणांची बेडस्पेस घेऊन मी पहिली दोन वर्षे काढली आहेत. कोणाचा टॉवेल कुठे, गजर कोणाचा, आणि फ्रिजमधले लोणचे कोणी संपवले, या तीन प्रश्नांनी माणूस किती चिडखोर होतो ते मी पाहिले आहे. रक्त तपासायचे मात्र कोणाला सुचले नाही.

बिघडलेली कृती सावरायची असल्यास

काही लोकांना मध्येच पश्चात्ताप होतो. त्यांच्यासाठी थोडक्यात. रोज दोन-अडीच तास व्यायाम करा. हाडा-स्नायूंसाठी तो सक्तीचाच असतो. पण ज्यांची तब्येत जाण्याआधीच धडधाकट होती त्यांच्यात पागडीवाले कमी जागे झाले, असेही दिसले आहे. लस घ्या. अंतराळवीर स्कॉट केली स्थानकात जवळपास वर्षभर होते, आणि त्यांचा जुळा भाऊ मार्क जमिनीवर. स्कॉट यांनी फ्लूची लस वर असतानाच टोचून घेतली, आणि त्यांच्या शरीराने तिला खालच्यासारखाच जाब दिला. म्हणजे नातूर पेंगतो, पण नीट फोटो दाखवून, नाव सांगून उठवले तर उठतो. गुळवेलीचे नाव मला कुठेच आढळले नाही. हे वाक्य काकांना वाचून दाखवू नये.

शेवटचा उपाय म्हणजे खाली येणे. सुलतान 186 दिवस राहिला. या काळात त्याने 28 एप्रिलला सात तास बाहेर, उघड्या अंतराळात काम केले. असे करणारा तो पहिला अरब. रमझानही त्याने तिथेच पाहिला. प्रवाशाला रोजाची सक्ती नसते, असे त्याने जाण्याआधीच सांगितले होते, आणि ताशी 28 हजार किलोमीटरने फिरणाऱ्याला प्रवासी नाही म्हणायचे तर कोणाला म्हणायचे? 4 सप्टेंबर 2023 ला फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ त्याचे यान समुद्रात उतरले.

खाली आल्यावर या कृतीची मोठीच पंचाईत होते: पदार्थ टिकत नाही. 2023 मध्येच कॅनडातून आलेल्या एका अभ्यासात 14 अंतराळवीरांच्या पांढऱ्या पेशी जाण्याआधी, वर असताना आणि आल्यावर तपासल्या होत्या. वर पोचताच शेकडो जनुकांचे काम मंदावले होते. त्यांतल्या एका गटात 247 जनुके होती, आणि त्यांपैकी बरीच थेट प्रतिकाराच्या कामाची. जमिनीवर पाय टेकले तशी बहुतेक जनुके काही आठवड्यांत पुन्हा पूर्वीच्या कामाला लागली. काहींना वर्ष लागले. सहा महिने खपून बिघडवलेला कारभार असा हातचा निसटतो. चंद्रावर किंवा मंगळावर जाऊन केल्यास जास्त टिकेल, असा माझा अंदाज आहे. अमिरातीने 2117 पर्यंत मंगळावर वस्ती करायचे मनावर घेतलेलेच आहे. ज्यांना घाई नाही त्यांनी थांबावे.

मागच्या हिवाळ्यात आई इथे आली होती. संध्याकाळी गच्चीवर गेलो आणि क्रीकच्या बाजूने स्थानक जाताना तिला दाखवले. लुकलुक नाही, आवाज नाही, एक ठळक ठिपका सरळ रेषेत. तिने हात जोडले. "त्यात किती माणसं आहेत?" म्हणाली. मी आकडा सांगितला. तो ठिपका दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली, मग पदर डोक्यावरून घेत म्हणाली, "चल खाली, वारं लागेल."

वाढणी: वरील प्रमाणात सात जणांना पुरते. पुढची तुकडी आली आणि आधीची निघायची असली तर अकरा जणांना पुरवून खावे.